आई म्हणते, आता एकही सुई नको

रेवा_लालबाग
२० मे २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत आलेय. पाककृतींच्या धाग्यांवर एक-दोनदा लिहिलंय, तेवढंच. आज घरात कोणाशी बोलून उपयोग होत नाहीये म्हणून इथे लिहिते. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आईला (वय ६१) मायस्थेनिया ग्रेव्हिस आहे. नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: नसेकडून स्नायूला जिथे निरोप पोचतो, ती जागाच शरीर स्वतःहून निकामी करत राहतं. स्नायू वापरला की दमतो, विसावा दिला की परत चालतो. सकाळी माणूस ठणठणीत आणि दिवेलागणीला पापणी मिटलेली.

आईचं लालबागला पोळीभाजी केंद्र होतं. २०१९ पासून संध्याकाळी सातनंतर पोळ्या लाटताना तिचे हात गळायला लागले. मग उजवी पापणी. मग जेवताना जबडा मध्येच थांबायचा, हनुवटीला हात लावून घास चावायची. रात्री बोलणं नाकातून. आम्ही दोघी सकाळी आठला केसपेपरच्या रांगेत, अकराला नंबर. आणि अकरा वाजता आई एकदम छान! हात वर करा म्हटलं की करायची. डोळे टकटकीत. "मावशी, घरात काही टेन्शन आहे का?" हे वाक्य मी चार वेगवेगळ्या डॉक्टरांकडून ऐकलंय. तीन वर्षांत तीन चष्मे, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं, मानेचा एक्स-रे, झोपेच्या गोळ्या (या आजारात त्या फार जपून द्यायच्या असतात हे नंतर कळलं) आणि शेवटी मानसोपचाराची चिठ्ठी. ती चिठ्ठी आईने फाडली नाही. घडी घालून डब्यात ठेवली. अजून आहे.

शेवटी मी रात्री साडेआठला तिचा मोबाइलवर व्हिडिओ काढला. तो घेऊन एका न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी तो दोनदा पाहिला, आईला छताकडे एकटक बघायला लावलं. मिनिटाभरात पापणी हळूहळू खाली. मग बर्फ रुमालात गुंडाळून दोन मिनिटं पापणीवर धरला आणि पापणी वर! आई हसायलाच लागली. म्हणाली, "मी उन्हाळ्यात ओला रुमाल डोळ्याला लावायचे, बरं वाटायचं, पण कोणी विचारलंच नाही." मग रक्ताची तपासणी झाली, ॲन्टिबॉडी निघाल्या.

हे सगळं विसरलो असतो. पण गेल्या वर्षी लघवीचा संसर्ग झाला म्हणून जवळच्याच एका नर्सिंग होममध्ये ठेवलं. फाइल मी हातात दिली होती, वर लाल स्केचपेनने मायस्थेनिया लिहिलेलं. तरी लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची बाटली लावली. दुसऱ्या रात्री श्वास अडकला. दुसरीकडे हलवलं, सहा दिवस व्हेंटिलेटर.

आता न्यूरॉलॉजिस्टना ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) सुरू करायचंय, आणि त्याआधी फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घ्या म्हणतात. आईने साफ नाही म्हटलं. "सहा दिवस नळी घशात घालून झोपले ती तुमच्या डॉक्टरांच्याच औषधाने. आता धडधाकट असताना कशाला टोचून घेऊ?" मला उत्तर सुचलं नाही. परत कोविडच्या बातम्या सुरू झाल्यात, माझी झोप उडालीय.

हा आजार किंवा असाच काही आडवळणाचा आजार घरात असलेल्यांनी लसीचं काय केलं ते सांगाल का?

---

मंगेश_७१
२१ मे, सकाळी ७:०५

आईंचं बरोबर आहे. या वयात नको त्या लशी. शरीराला आपलं काम करू द्या. गुळवेल चालू करा.

---

निवृत्त_सिस्टर
२१ मे, सकाळी ७:५०

मंगेशराव, प्रतिकारशक्तीच स्वतःच्या स्नायूंवर उलटलीय त्या बाईंची. प्रतिकारशक्ती वाढवतो म्हणून विकलं जाणारं काही अशा पेशंटला परस्पर सुचवू नका. गुळवेल घेतलेल्या काही जणांना यकृताचा त्रास झाल्याची नोंद आपल्या मुंबईतल्याच डॉक्टरांनी कोविडच्या काळात केली होती.

रेवा, सविस्तर दुपारी लिहिते. सकाळी अकराच्या ओपीडीचं लिहिलंस ते वाचून पोटात कालवलं. मी त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बत्तीस वर्षं उभी होते.

---

गोरेगावकर
२१ मे, सकाळी ९:२२

मी कुठल्याही फॉरवर्डवाल्यांपैकी नाही हे आधीच सांगतो. माझ्या सगळ्या लशी झाल्यात. पण माझ्या पुतण्याचं ऐका.

पंधरा महिन्यांचा होता. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) दिल्यावर सोळाव्या दिवशी अंगावर जांभळे ठिपके, हिरड्यांतून रक्त. प्लेटलेट नऊ हजार. पाच दिवस ॲडमिट, दोन महिन्यांत पूर्ण बरा झाला, आज कॉलेजात आहे. भावाने लस देणाऱ्या डॉक्टरांना विचारलं, "लसीमुळे झालं का?" उत्तर: "छे छे, योगायोग." बालरोगतज्ज्ञांना विचारलं: "गूगल कमी करा." कुठे काही लिहून घेतलं नाही. वहिनीने त्यानंतर दुसऱ्या मुलीला एकही लस दिली नाही. चुकीचं केलं, मान्य. पण तिला त्या जागी नेऊन कोणी ठेवलं?

---

मुलुंडचा_डॉक्टर
२१ मे, दुपारी २:१५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. आधी गोरेगावकर.

तुमच्या पुतण्याला जे झालं त्याला आयटीपी म्हणतात (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करते), आणि तो योगायोग होता असं छातीठोक सांगणारा माणूस एकतर वाचत नव्हता किंवा घाबरला होता. एमएमआरनंतर सहा आठवड्यांच्या आत प्लेटलेट पडणं हा पुस्तकात नोंदलेला, माहीत असलेला दुष्परिणाम आहे. साधारण तीस-चाळीस हजार डोसांत एकदा. बहुतेक मुलं काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत पूर्ण बरी होतात. लस न घेता खरा रुबेला झाला तर हेच साधारण तीन हजारांत एकाला होतं. वहिनींना या दोन आकड्यांसकट दहा मिनिटं कोणी समजावलं असतं तर बहुधा धाकटीला लस मिळाली असती. "योगायोग" या एका शब्दाने ती दहा मिनिटं वाचवली.

आणि हो, त्याची नोंद व्हायलाच हवी होती. लसीनंतर काहीही गंभीर घडलं तर खाजगी डॉक्टरनेही कळवायचं असतं, मुंबईत महापालिकेच्या वॉर्डातल्या आरोग्य अधिकाऱ्याकडे. कारण सिद्ध व्हायची वाट बघायची नसते. संशय पुरतो.

रेवाताई, तुमच्यासाठी रात्री.

---

अक्षय_के
२१ मे, दुपारी ३:३०

डॉक्टर साहेब, मग कोविशील्डचं काय? कंपनीने कोर्टात कबूल केलं की गुठळ्या होतात. तीन वर्षं लपवलं. आणि पुण्यात जानेवारीत जीबीएसचे (गियाँ-बारे, नसांचा आजार) दोनशेहून जास्त पेशंट, ते पण लसीमुळेच. मीडिया गप्प.

---

मुलुंडचा_डॉक्टर
२१ मे, रात्री १०:१०

अक्षय, दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गुठळ्या आणि सोबत प्लेटलेट कमी होणं, हे त्या लसीने फार क्वचित होतं, खरं आहे. पण ते २०२४ साली ब्रिटनच्या कोर्टातल्या कागदांत पहिल्यांदा उघड झालं हे खरं नाही. एप्रिल २०२१ मध्येच युरोपच्या औषध नियामकाने ते जाहीर करून लसीच्या माहितीपत्रकात घालायला लावलं होतं. आपल्याकडे सेंटरवर टोकन घेऊन बसलेल्या माणसाला ते कोणी वाचून दाखवलं का? नाही. तुमच्या रागातला तेवढा भाग मला मान्य आहे.

पुण्याचं मात्र पूर्ण चूक. सिंहगड रोड, नांदेड गाव परिसरातलं दूषित पाणी आणि त्यातला कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू हे त्याचं कारण म्हणून पुढे आलं. जुलाब होतात, आणि मग काही जणांची प्रतिकारशक्ती त्या जंतूऐवजी स्वतःच्या नसांवर चाल करते. लस आणि जीबीएसचा संबंध कुठे दिसला ते हवं असेल तर १९७६ साल बघा. अमेरिकेत स्वाइन फ्लूची लस साडेचार कोटी लोकांना दिली, लाखात साधारण एक जास्तीचा जीबीएस दिसला आणि डिसेंबरात मोहीम थांबवली. आजच्या फ्लूच्या लशीत हा धोका फार तर दहा लाखांत एक-दोन आहे. खुद्द फ्लू झाल्यावरचा त्याहून जास्त.

आता रेवाताई. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टच्या जागी मी नाही आणि आईंना मी तपासलेलं नाही. पण:

मायस्थेनियाच्या माणसाला व्हेंटिलेटरपर्यंत नेणारं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे छातीचा किंवा कुठलाही संसर्ग. त्या वेळी आईंच्या बाबतीत दोन गोष्टी एकत्र आल्या, लघवीचा संसर्ग आणि वर लिव्होफ्लॉक्सासिन. त्या गटातल्या सगळ्या औषधांवर मायस्थेनियासाठी चौकटीतला इशारा अमेरिकेत २०११ पासून आहे. म्हणजे आईंचा संशय चुकीचा नाही, पत्ता चुकलाय.

फ्लूची जी लस आपण दंडात देतो तिच्यात जिवंत विषाणू नसतो. न्यूमोनियाच्या लशीत जिवंत जंतू नसतो. अशा लशी या आजारात चालतात. सांभाळायचं ते जिवंत लशींना: गोवर-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर, नाकात फवारायची फ्लूची लस. ॲझाथायोप्रिन किंवा जास्त स्टेरॉइड चालू झाल्यावर त्या द्यायच्या नसतात. गोळी सुरू करायच्या आधी लशी उरकून घ्या म्हणतात, त्याचं कारण साधं आहे. गोळी प्रतिकारशक्ती दाबते, मग लसीचा परिणामही कमी होतो.

आणि एक खरं सांगतो, नाहीतर परत "डॉक्टरने लपवलं" व्हायचं. लसीनंतर एक-दोन दिवस कणकण येऊ शकते आणि तापात मायस्थेनियाचे स्नायू ढेपाळतात. आईंची पापणी दोन दिवस खाली येऊ शकते. त्याची तयारी ठेवायची.

---

निवृत्त_सिस्टर
२२ मे, दुपारी १:००

काल लिहिते म्हणाले आणि नातवाच्या शाळेच्या पुस्तकांच्या रांगेत गेला दिवस.

२०२२ च्या नोव्हेंबरात गोवंडीत गोवराची साथ आली तेव्हा मी निवृत्त झालेले, तरी ओळखीने मदतीला गेले. कस्तुरबा रुग्णालयात पोरांच्या खाटा भरलेल्या. पालिकेने सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही वेगळा डोस देणं सुरू केलं होतं. घरोघर जायचो. बाहेरचे लोक म्हणायचे, "तिकडचे लोक अडाणी, धर्माचं काहीतरी असतं." असतं थोडं. पण मी ज्या दारांत उभी राहिले तिथे वेगळंच ऐकलं.

एक बाई होती, जरीकाम करणारी. दोन पोरं. तिने दार अर्धं उघडून मला सांगितलं, "सुई टोचायला तुम्ही चार-चार जणी येता. मागच्या वेळी रात्री पोराला ताप चढला, फणफणला. तेव्हा एक पण आली नाही. माझी दोन दिवसांची मजुरी गेली आणि नवरा मला बोलला." यात विज्ञानावर अविश्वास कुठे आहे? मी पर्समधून पॅरासिटामॉलची बाटली काढून दिली, किती एमएल ते टोपणावर पेनने खूण करून दाखवलं, माझा स्वतःचा नंबर दिला. रात्री दीडला फोन आला. आम्ही बोललो, ताप उतरला. दुसऱ्या आठवड्यात तिने शेजारच्या तीन बायकांना स्वतः आणलं. सगळीकडे असं होत नाही, बऱ्याच दारांवर मला शिव्याही मिळाल्यात.

रेवा, आईला लस देऊ नकोस किंवा दे असं मी सांगणार नाही. पण घेणारच असाल तर शनिवारी संध्याकाळी किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी नको. सोमवार-मंगळवारी सकाळी घ्या, म्हणजे पुढचे दोन दिवस डॉक्टर जागेवर असतात. लस घेऊन अर्धा तास तिथेच बसायचं. नेहमीच्या गोळ्यांची वेळ चुकवायची नाही.

---

एचएच_परळ
२२ मे, दुपारी ४:४५

थोडं अवांतर, पण धाग्याला धरून आहे.

माझा रक्तगट बॉम्बे आहे. म्हणजे मुंबईकर असल्याचा याहून पक्का पुरावा कोणाकडे नसेल :) हा गट १९५२ मध्ये इथेच, केईएममध्ये, डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक. गंमत अशी की साध्या तपासणीत हा 'ओ' दिसतो. ओ गटाच्या पेशी घालून उलटी तपासणी केली तरच खरं कळतं. मला कॉलेजपासून चाळिशीपर्यंत दोन लॅबनी 'ओ पॉझिटिव्ह' असं छापून दिलेलं. लायसन्सवर तेच, ऑफिसच्या ओळखपत्रावर तेच.

हर्नियाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेढीत रक्त जुळवायला घेतलं तर 'ओ'ची एकही पिशवी जुळेना. ड्यूटीवरच्या मुलीने "मशीनची चूक असेल" म्हणून सोडून दिलं असतं तर? ओ दिलं असतं तर मी हा प्रतिसाद लिहायला नसतो. तिने सोडलं नाही. स्वतः वर जाऊन सिनियरला उठवलं.

त्या दिवसापासून दोन्ही गोष्टी माझ्यात आहेत. कुठल्याही छापील रिपोर्टवर माझा विश्वास नाही. आणि त्या मुलीवर डोळे मिटून आहे. पाकिटात लॅमिनेट केलेलं कार्ड ठेवतो, इंग्रजी-मराठी दोन्हीत. रेवाताई, आईसाठी तसं कार्ड करा. फाइल कोणी वाचत नाही. गळ्यातलं कार्ड वाचावंच लागतं.

---

इतिहासाचा_नाद
२२ मे, रात्री ९:३०

या विषयावर आपलं शहर फार जुनं आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. व्हिएगास यांनी प्लेग ओळखला (मेट्रो सिनेमाच्या समोर त्यांचा पुतळा आहे, आपण रोज बसमधून बघतो). पालिकेने लोकांना जबरदस्तीने उचलून आर्थर रोडच्या दवाखान्यात न्यायला सुरुवात केली. ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने त्या दवाखान्यावर हल्ला केला. अफवा होती की आत माणसं मारून त्यांची 'मोमियाई' (माणसाच्या अंगातून काढलेलं औषध) काढतात. हसू नका. आत गेलेला माणूस बहुधा परत येत नव्हता, नातेवाइकांना भेटू देत नव्हते. अफवेला एवढं पुरतं.

त्याच काळात हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस बनवत होते. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचली. ताप आला, दुखलं, तेही लिहून ठेवलं. आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर टोचून घेतली. लोक हळूहळू यायला लागले. आणि मग १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला एका बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली. ठपका हाफकिनवर, नोकरीतून बाजूला. पुढे निघालं की बाटली उघडायचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला. निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. पुढे परळला गेलेली त्यांची प्रयोगशाळा १९२५ पासून त्यांच्याच नावाने आहे.

म्हणजे त्यात लोकांची चूक होती, सरकारचीही होती आणि एका चिमट्याचीही.

---

गोरेगावकर
२२ मे, रात्री १०:०२

इतिहास छान आहे. पण सव्वाशे वर्षांपूर्वी ज्याने लस बनवली त्याने आधी स्वतःला टोचली आणि ताप आला ते लिहून ठेवलं. माझ्या पुतण्याचं इतक्या वर्षांत कोणी एक ओळ लिहिली नाही.

---

अक्षय_के
२२ मे, रात्री १०:२०

+१ गोरेगावकर. बाकी सगळे फार्मा कंपन्यांचे

*(पुढील मजकूर काढला आहे. वैयक्तिक शेरेबाजी नको. – संपादक)*

---

रेवा_लालबाग
२३ मे, रात्री १२:३०

सगळ्यांचे आभार. आज संध्याकाळी आईला धागा वाचून दाखवला, सुरुवातीपासून. चष्मा लावून स्वतः वाचायला सातनंतर तिला एकाची दोन अक्षरं दिसतात, म्हणून मीच वाचला. हाफकिनचं ऐकताना डुलकी लागली. बॉम्बे रक्तगटवाल्या दादांच्या गोष्टीला म्हणाली, "त्या पोरीचं लग्न झालं का विचार." (माफ करा, आई आहे.)

मानसोपचाराच्या चिठ्ठीचा विषय मी मुद्दाम काढला. तर म्हणते, "ते डॉक्टर वाईट नव्हते गं. त्यांनी मला संध्याकाळी कधी बघितलंच नाही."

सोमवारी २६ तारखेची संध्याकाळची वेळ घेतलीय. संध्याकाळचीच, मुद्दाम.

---

मुलुंडचा_डॉक्टर
२३ मे, सकाळी ८:४०

जायच्या आधी घरी एक करून ठेवा. आईंना खुर्चीत ताठ बसवायचं, छाती भरून श्वास घ्यायला लावायचा आणि एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला सांगायचे. किती आकड्यापर्यंत जातात ते रोज वहीत. नेहमीचा आकडा एकदा कळला की लसीनंतर घसरतोय का ते तुम्हालाच कळेल. वीसच्या खाली आला, किंवा पाणी पिताना ठसके, आवाज बसणं, आडवं पडल्यावर धाप असं काही झालं तर फोनवर बोलत बसायचं नाही, सरळ मोठं रुग्णालय.

---

रेवा_लालबाग
२७ मे, सकाळी ६:५०

काल गेलोच नाही! मेमध्ये असला पाऊस. हिंदमाताला पाणी, आचार्य अत्रे चौकाच्या मेट्रो स्टेशनात धबधबा, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाच असेल. आता गुरुवारी.

आकडा: सकाळी ४१, रात्री २९. रात्री आई तीस म्हणायच्या आत हसते आणि श्वास सोडते, म्हणून रात्रीचा खरा नाही.

---

निवृत्त_सिस्टर
२७ मे, सकाळी ८:१५

मुंबईत फ्लू पावसाबरोबर वाढतो, म्हणून लस एप्रिल-मेमध्ये घ्यावी म्हणतात. यंदा पावसानेच घाई केलीय. पण उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका, घेतल्यावर दोनेक आठवड्यांत लागू पडते.

---

रेवा_लालबाग
७ जून, रात्री १०:५५

उशिरा लिहितेय. काय काय झालं ते सांगते.

गुरुवारी २९ ला गेलो. सव्वासात वाजता आत गेलो तेव्हा आईची पापणी अर्धी खाली, बोलणं नाकात. डॉक्टरांनी लसींबद्दल समजावायला सुरुवात केली, चांगलं समजावत होते. आईने हात वर करून थांबवलं. म्हणाली, "ते सगळं मुलीने वाचून दाखवलंय. मला एकच सांगा. ही सुई घेतल्यावर रात्री दीड वाजता मला श्वास लागला, तर फोन कोण उचलेल?"

डॉक्टर जरा गप्प झाले. मग म्हणाले, "माझा फोन रात्री बंद असतो, खोटं नाही सांगत." माझा जीव खाली-वर. त्यांनी वॉर्डमध्ये फोन लावला, रात्रीच्या निवासी डॉक्टरांच्या ड्यूटीचा नंबर फाइलच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिला. खाली काय काय द्यायचं नाही त्याची यादी: लिव्होफ्लॉक्सासिनचा सगळा गट, जेंटामायसिन-अमिकासिन, शिरेतून मॅग्नेशियम, बीटा ब्लॉकर विचारल्याशिवाय नाही. सही, शिक्का. ते पान मी लॅमिनेट केलं, लहान करून आईच्या गळ्यात. एचएच दादा, तुमच्यामुळे.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "ती गोवंडीची बाई बरोबर बोलली होती."

मंगळवारी ३ जूनला सकाळी फ्लूची घेतली. अर्धा तास बसलो. रात्री ९९.८, दंड दुखला. बुधवारी दुपारपासूनच पापणी खाली, आकडा २६ वर आला. मी घाबरले. आई म्हणाली डॉक्टर म्हणाले होते ना असं होईल, झोप. (मुलुंडचे डॉक्टर, ती तुमच्याबद्दल बोलत होती, तिला वाटतं तुम्ही आमचेच डॉक्टर.) गुरुवारी रात्री ३०, आज रात्री ३३. दीड वाजता फोन करायची वेळ आली नाही.

न्यूमोनियाची मात्र नाही घेतली. "एक झाली ना. दुसरी गणपतीनंतर बघू." डॉक्टर गोळीसाठी तोवर थांबायला तयार नाहीत. भांडण चालू आहे.

---

एचएच_परळ
७ जून, रात्री ११:१०

३३! माझा एका श्वासात २८ येतो. सिगारेट सोडायला हवी.

त्या मुलीचं लग्न झालंय, आईंना सांगा. एक मुलगा आहे.

---

मुलुंडचा_डॉक्टर
८ जून, सकाळी ९:००

न्यूमोनियाची गोळीच्या आधी झाली तर उत्तम. नाहीच झाली तर नंतरही देता येते, परिणाम थोडा कमी मिळतो एवढंच. आईंना सांगा, त्यांच्या "आमच्या डॉक्टरांनी" सांगितलंय. पण गोळी कधी सुरू करायची ते न्यूरॉलॉजिस्टच ठरवतील, त्यात मी पडणार नाही.

---

मंगेश_७१
८ जून, सकाळी ९:४०

बरं झालं. गुळवेल नाही दिली ते.

---

गोरेगावकर
८ जून, सकाळी ११:२५

डॉक्टर, एक विचारू का. पुतण्याचं आत्ता, इतक्या वर्षांनी कळवलं तर कोणी घेईल का?

---

मुलुंडचा_डॉक्टर
८ जून, दुपारी १:३०

कळवा. औषधांच्या दुष्परिणामांसाठी सरकारची हेल्पलाइन आहे, १८००-१८०-३०२४, पेशंट किंवा नातेवाईक स्वतःही सांगू शकतात. लसीचं कार्ड आणि डिस्चार्ज कार्ड आहे का? तारखा त्यावरूनच लागतील.

---

गोरेगावकर
८ जून, दुपारी १:४५

वहिनीने सगळं ठेवलंय. प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटात साड्यांच्या खाली. मी आज तिच्याकडे जातो.

---

गोरेगावकर
८ जून, रात्री ९:१५

सापडलं. लसीच्या कार्डावर बॅच नंबरची जागा रिकामी आहे. बाकी सगळं आहे. उद्या फोन करतो. वहिनी म्हणाली, "मी पण बोलेन."

तिने धाकटीचं विचारलं. ती आता अकरावीत आहे, गोवर-रुबेलाची आता देता येते का?

---

निवृत्त_सिस्टर
८ जून, रात्री ९:४०

येते. घरातल्या मोठ्या भावाला आयटीपी झाला होता हे आधी डॉक्टरांना सांगायचं, आणि तो कागद सोबत न्यायचा. हवं तर मी येते बरोबर, गोरेगावलाच आहे ना?

---

गोरेगावकर
८ जून, रात्री ९:४२

आरे रोडला. या.